व्हेरा, ओतिलिया, आन आणि जॉय: गर्भपात गुन्हा होता तेव्हाचे चार सिनेमे, आणि त्यांतला कुठला बघावा

एक मोकळी संध्याकाळ आहे, विषय जड आहे याची कल्पना आहे, आणि यादीत चार नावं आहेत: ब्रिटनचा ‘व्हेरा ड्रेक’ (२००४), रोमानियाचा ‘फोर मन्थ्स, थ्री वीक्स अँड टू डेज’ (२००७), फ्रान्सचा ‘हॅपनिंग’ (२०२१) आणि अमेरिकेचा ‘कॉल जेन’ (२०२२). चारही कथापट, चारही गर्भपात हा गुन्हा होता त्या काळातले. पहिल्या तिघांनी मोठ्या महोत्सवांतली सर्वोच्च बक्षिसं मिळवलेली आहेत. व्हेनिसचा सुवर्णसिंह दोघांना, कानचा पाम द’ओर एकाला. त्यामुळे ‘चांगला कुठला’ असं विचारून फारसं काही हाती लागत नाही.

मी अशा वेळी एक गोष्ट बघते: कॅमेरा कुणाशेजारी उभा आहे. ‘व्हेरा ड्रेक’मध्ये तो गर्भपात करून देणाऱ्या बाईशेजारी आहे. रोमानियन सिनेमात जिला दिवस गेलेत तिच्या मैत्रिणीशेजारी. ‘हॅपनिंग’मध्ये थेट त्या मुलीच्याच मानेमागे. आणि ‘कॉल जेन’मध्ये एका गुप्त संघटनेच्या बैठकीत, खुर्ची ओढून बसलेला. रक्त किती दिसणार, राग कुणाचा येणार, आईबरोबर बघता येईल की नाही, हे सगळं त्या एका गोष्टीवरून ठरतं.

‘व्हेरा’पासून सुरुवात करू, कारण चौघांत आत शिरायला सर्वांत सोपा तोच.

लंडन, १९५०. युद्ध संपून पाच वर्षं झाली तरी साखर अजून रेशनवर आहे. व्हेरा श्रीमंतांच्या घरी झाडलोट करते, आजारी शेजाऱ्यांकडे जाऊन चहा करून देते, गुणगुणत जिने चढते. नवरा भावाच्या गॅरेजमध्ये, मुलगा शिंप्याच्या दुकानात, मुलगी दिव्यांच्या कारखान्यात. आणि मधूनच कुणाच्या तरी घरी जाऊन ती, तिच्या भाषेत, मुलींना ‘मदत’ करते. ही मदत दिग्दर्शक माइक ली स्वयंपाकघरातल्या कामाइतक्या साधेपणाने दाखवतात. किसणीवर साबण किसायचा, कोमट पाण्यात विरघळवायचा, त्यात थोडं जंतुनाशक, आणि मग रबरी पिचकारी. काम झालं की सामान पिशवीत, आणि जाता जाता धीराचे दोन शब्द: एक-दोन दिवसांत पोटात दुखेल, संडासला जा, सगळं निघून जाईल. ती पैसे घेत नाही. गिऱ्हाईक आणून देणारी लिली मात्र मुलींकडून दोन गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून जरा जास्त) उकळते आणि व्हेराला पत्ताही लागू देत नाही.

इमेल्डा स्टाँटनला आपल्यापैकी बहुतेकांनी हॅरी पॉटरमधली ती गुलाबी कपड्यांतली छळवादी मास्तरीण म्हणून पाहिलंय. इथे तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघण्यासाठी हा सिनेमा एकदा तरी बघावा. मुलीचं लग्न ठरलंय, घरात सगळे जमलेत, आणि दारात पोलीस येतात. ली आपले सिनेमे आयत्या पटकथेवरून न करता महिनोन् महिने तालमी घेऊन उभे करतात. व्हेराच्या घरच्यांचं काम करणाऱ्या नटांना, ती बाहेर काय करते हे तालमीत पोलीस दारात येईपर्यंत सांगितलेलंच नव्हतं. पडद्यावरचा तो गोंधळ, ती सुन्न शांतता त्या तालमीतून आलेली आहे. व्हेरा नवऱ्याच्या कानात काय सांगते ते आपल्याला ऐकू येत नाही. गरजही पडत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवते. त्याच दशकात लंडनच्या गरीब वस्तीत सुईण म्हणून काम केलेल्या जेनिफर वर्थ यांनी सिनेमा आल्यानंतर जाहीरपणे लिहिलं होतं, की साबणाच्या पाण्याची ही पद्धत भयंकर जीवघेणी होती आणि सिनेमात ती फारच निरुपद्रवी वाटते. तक्रार रास्त आहे. सिनेमात एक मुलगी मरता मरता वाचते खरी, पण बाकी सगळ्या जणी चहा पिऊन बऱ्या झाल्यासारख्या दिसतात. कॅमेरा करून देणारीशेजारी ठेवला की असंच होणार. पुढे त्या मुलींचं काय झालं हे व्हेरालाच माहीत नसतं, म्हणून आपल्यालाही कळत नाही.

वर्गाचा मुद्दा मात्र ली यांनी पक्का पकडलाय. व्हेरा ज्यांच्याकडे कामाला जाते त्यांतल्या एका घरच्या सूझन नावाच्या मुलीवर बलात्कार होतो. ती डॉक्टरकडे जाते, तो मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो, दोन-चार ठरावीक प्रश्न, आणि एका नर्सिंग होममध्ये स्वच्छ चादरीवर सगळं उरकतं. १९३८मध्ये डॉ. बोर्न यांच्या खटल्यात, बाईच्या शरीरमनाची वाताहत होणार असेल तर गर्भपात गुन्हा ठरत नाही असं न्यायालयाने मान्य केलं होतं. त्या फटीतून शिरायचं तर शंभरएक गिनी मोजायला लागायच्या. लिलीच्या दोन गिनी आणि या शंभर गिनी, एवढ्या आकड्यांत अख्खा सिनेमा आहे. ब्रिटनमध्ये कायदा बदलला १९६७मध्ये.

आता रोमानिया. इथे थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण सिनेमा तो अजिबात सांगत नाही. १९६६मध्ये रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूने ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातावर बंदी घातली. ठरावीक वयापुढच्या बायका, चार किंवा त्याहून जास्त पोरं असलेल्या बायका, असे थोडे अपवाद. हेतू लोकसंख्या वाढवण्याचा. पुढच्याच वर्षी जन्मांची संख्या जवळपास दुप्पट झाली. गर्भनिरोधकं मिळणं मुश्कील, कारखान्यांत बायकांची सक्तीने तपासणी, मूल नसलेल्यांवर कर. डिसेंबर १९८९मध्ये राजवट पडली आणि नव्या सरकारने काही दिवसांतच हा हुकूम रद्द केला. तोवर चोरून केलेल्या गर्भपातांत सुमारे दहा हजार बायका गेल्याचा अंदाज दिला जातो. दिग्दर्शक क्रिस्तियान मुंजिउचा जन्म १९६८चा. म्हणजे तो स्वतःही त्या हुकुमाच्या पिढीतला.

गोष्ट १९८७मधल्या एका दिवसाची. गाबित्सा आणि ओतिलिया वसतिगृहात एका खोलीत राहतात. गाबित्साला दिवस गेलेत. किती, ते सिनेमाच्या नावातच आहे. पण धावाधाव सगळी ओतिलियाची: हॉटेलातली खोली, उसने पैसे, केंट सिगारेटची पाकिटं (त्या काळच्या रोमानियात चलनी नोटेइतकंच त्यांना मोल), आणि बेबे नावाच्या त्या माणसाला गाठून आणणं. हॉटेलच्या काउंटरवरची बाई बुकिंगच नाही म्हणते, ओळखपत्र मागते, कशासाठी खोली हवी म्हणून खोदून विचारते. त्या उर्मट कारकुनी सुरातच हुकूमशाही कळते. चाउशेस्कूचा फोटो दाखवायची गरज पडत नाही.

बेबे आवाज चढवत नाही. हॉटेल ठरलेलं नाही, फोनवर बोललेली मुलगी स्वतः आली नाही, महिने खोटे सांगितले, अशा एकेक चुका तो मोजून दाखवतो, आपल्याला किती वर्षांची शिक्षा होऊ शकते ते समजावून सांगतो, आणि हळूहळू लक्षात येतं की त्याला हवी असलेली किंमत पैशात नाही. ती दोघींना मोजावी लागते. मला या सिनेमातला सर्वांत भीतिदायक प्रसंग मात्र त्यानंतरचा वाटतो. मैत्रिणीला हॉटेलात पाडून ठेवून ओतिलियाला मित्राच्या आईच्या वाढदिवसाला जावं लागतं. जेवणाचं टेबल, डॉक्टर मंडळी, सगळे चमचे वाजवत बोलतायत. बटाटे कसे उकडावेत, हल्लीची मुलं, लष्करातली नोकरी. कॅमेरा तिच्यासमोर ठोकून ठेवलाय, कट नाही, आणि ती मध्ये दाबून बसलीये. मोठ्यांसमोर सिगारेट घेतली म्हणून एक जण तिला टोमणाही मारतो. आपल्याकडच्या कुठल्याही घरगुती समारंभात एका कोपऱ्यात गप्प बसलेली सून आठवून बघा.

पार्श्वसंगीत नावालाही नाही. त्यामुळे फ्रिजची घरघर, जिन्यातली पावलं, लांबचं कुत्रं, सगळं कानात जातं. आणि हो, गर्भ दाखवलाय. बाथरूमच्या फरशीवर, टॉवेलवर. कॅमेरा तिथे थांबतो आणि तुम्हाला बघायला लावतो. ज्यांना गर्भपात, मृत मूल असं काही सोसावं लागलंय त्यांनी हे माहीत करून घेऊनच बसावं.

‘हॅपनिंग’ याच्या उलट दिशेने जातो. फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांच्या २०००मध्ये आलेल्या आत्मकथनावर तो बेतलाय. सिनेमा व्हेनिसला जिंकला त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२२मध्ये, एर्नोंना नोबेल मिळालं. वर्ष १९६३. आन हुशार, साहित्याची विद्यार्थिनी, आईबाप छोटं कॅफे चालवतात. घरातली शिकणारी पहिलीच. पाळी चुकते. दिग्दर्शिका ऑड्रे दिवानने पडद्याची चौकट जवळजवळ चौकोनी ठेवलीये, म्हणजे आनच्या आजूबाजूला फारसं काही दिसतच नाही. ती वळली की आपण वळतो. मधूनमधून पडद्यावर आठवड्यांचा आकडा येतो आणि प्रत्येक आकड्यानिशी पोटात गोळा येतो. थरारपटाची ही घडण इतकी साधी आहे, की हिचं श्रेय फार थोडे जण देतात.

इथे किंमत मागणारा बेबे नाही. इथे सगळे सभ्य आहेत, आणि सगळे पाठ फिरवतात. मैत्रिणी म्हणतात, आम्हाला यात गोवू नकोस. ओळखीचा एक मुलगा, आता तशीही तू गरोदरच आहेस तर धोका काय, अशा हिशेबाने जवळ येऊ बघतो. आणि एक डॉक्टर पाळी येण्याचं औषध म्हणून जे लिहून देतो ते प्रत्यक्षात गर्भ टिकवणारं असतं. हे कळतं तेव्हा माझा संताप बेबेवर झाला त्याहून जास्त झाला होता. बेबे निदान सरळ खंडणीखोर आहे.

विणकामाच्या सुईचा प्रसंग आहे. आरसा, लायटरवर तापवलेली सुई, आणि न हलणारा कॅमेरा. पुढे त्या बाईकडचा प्रसंग, जी आधीच बजावते की भिंती पातळ आहेत, ओरडायचं नाही. आणि त्यानंतर वसतिगृहाच्या संडासातला. रोमानियन सिनेमा जे नंतर दाखवतो ते हा सिनेमा होत असताना दाखवतो. सहन करण्याच्या दृष्टीने चौघांत हाच सर्वांत कठीण. पण आन कुठेही बिचारी होत नाही, हे विशेष. तिला शरीरसुखाची लाज नाही, आणि तिला लिहायचंय. प्राध्यापक विचारतात, आजारी होतीस का? ती सांगते, बायकांनाच होणारा आणि त्यांना गृहिणी करून सोडणारा आजार. सगळ्या सिनेमात जोरदार म्हणावं असं वाक्य हे एकच, आणि तेही ती रडत नाही, सांगते.

गंमत अशी, की आनचं काम करणारी आनामारिया व्हार्तोलोमेई आणि ओतिलियाचं काम करणारी आनामारिया मारिंका, दोघी जन्माने रोमानियन. दोघींचा चेहरा आतलं आत गिळणारा. दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहिले की गोंधळ होतो, असं आमच्या गटातल्या एकीने सांगितलं होतं; माझा झाला नाही, पण पाठोपाठ बघू नयेत हे खरं.

‘कॉल जेन’वर फार वेळ घालवत नाही. विषय जबरदस्त आहे: शिकागोत १९६९ ते १९७३ या काळात ‘जेन’ नावाच्या बायकांच्या गुप्त गटाने सुमारे अकरा हजार गर्भपात घडवून आणले, आणि आपण आणलेला माणूस डॉक्टरच नाही हे कळल्यावर पुढे त्या स्वतःच ते शिकल्या. १९७२मध्ये सात जणींना अटक झाली. जानेवारी १९७३मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा रो खटल्याचा निकाल आला आणि त्या सुटल्या. सिनेमा मात्र उपनगरातल्या एका सुखवस्तू वकिलाच्या बायकोला, जॉयला, मध्यभागी ठेवतो. तिचं हृदय गरोदरपणात साथ देत नाही आणि इस्पितळातली पुरुषांची समिती तिच्यासमोरच, ती तिथे नसल्यासारखी, चर्चा करून नकार देते. हा प्रसंग उत्तम आहे. सिगोर्नी वीव्हर आहे म्हणजे करमणूक आहे. गर्भपातासाठी सहाशे डॉलर कुठून आणणार हा काळ्या बायकांचा प्रश्न वुन्मी मोसाकूची ग्वेन नेटाने मांडते. पण सगळं फार स्वच्छ, फार लवकर सुटणारं. धोका अंगावर येत नाही. हा विषय हवा असेल तर त्याच वर्षीचा ‘द जेन्स’ हा माहितीपट बघा. त्यात त्या बायका स्वतःच बोलतात, आणि मिश्कील बोलतात. गंमत म्हणजे २०२२च्या जूनमध्ये रो निकाल रद्द झाला आणि ‘कॉल जेन’ थिएटरांत आला तो त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये. गोड शेवट असलेल्या सिनेमावर याहून वाईट वेळ येऊ नये.

‘व्हेरा’ आवडला तर पुढे क्लोद शाब्रोलचा ‘स्टोरी ऑफ विमेन’ (१९८८) धरा. नाझींच्या टाचेखालच्या फ्रान्समध्ये मारी-लुईज जिरो या बाईला गर्भपात करून दिल्याबद्दल जुलै १९४३मध्ये गिलोटिनवर चढवलं होतं. तिच्यावरून हा सिनेमा. इझाबेल ह्युपेरची बाई व्हेरासारखी देवमाणूस नाही. पैसे घेते, चैन करते, नवऱ्याला झिडकारते. सहानुभूती मिळायला बाईने साधीभोळीच असायला हवं का, हा जो प्रश्न ‘व्हेरा’ टाळतो, तो शाब्रोल नेमका पुढ्यात ठेवतो.

आपल्याकडच्या प्रेक्षकाची एक अडचण मला दरवेळी दिसते. गेली वीस-पंचवीस वर्षं सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवरचे ‘मुलगी वाचवा’चे फलक बघून गर्भपात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी स्त्रीभ्रूणहत्याच येते. ते संकट खरं आहे, पण या चार सिनेमांत ते नाही, आणि ती चौकट घेऊन बसलं की आन निर्दयी वाटू लागते. चर्चा करायची असेल तर हे आधीच बोलून घ्यावं.

आणि ‘हे सगळं तिकडचं’ असंही नाही. व्हेराला ज्या १८६१च्या कायद्याखाली शिक्षा होते, त्याच्या आदल्याच वर्षी त्याच राज्यकर्त्यांनी आपल्याला गर्भपात गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं ३१२ कलम दिलं. ते सैल करण्याचा विचार १९६४मध्ये नेमलेल्या समितीने केला. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. १९७१मध्ये कायदा झाला. ब्रिटनच्या मागोमाग, फ्रान्स आणि अमेरिकेच्या आधी. अभिमान वाटावा असंच आहे, पण त्यामागे मरणाऱ्या बायकांइतकीच लोकसंख्येचीही चिंता होती. चाउशेस्कूला माणसं वाढवायची होती म्हणून बंदी, आपल्याला कमी करायची होती म्हणून परवानगी. बाईला काय हवंय हा प्रश्न दोन्हीकडे शेवटी. आपल्याकडे आजही निर्णय डॉक्टरच्या मतावर आहे, आणि गर्भनिरोधक फसल्याच्या कारणात नवऱ्याऐवजी ‘जोडीदार’ यायला २०२१ची दुरुस्ती लागली.

तर कुणी काय बघावं. आईवडील, सासूबाई, पन्नाशीपुढची मंडळी बरोबर असतील तर बिनधास्त ‘व्हेरा’. सव्वादोन तासांच्या आत संपतो, अंगावर येणारं काही दाखवत नाही, आणि नंतर घरात खरोखर बोलणं होतं. माझ्या अनुभवात जुन्या बायका हा सिनेमा बघून आपल्या गावच्या सुईणींच्या गोष्टी सांगायला लागतात, ज्या त्यांनी एरवी सांगितल्या नसत्या.

कॉलेजातल्या मुलीबरोबर किंवा मुलाबरोबर बघायचा असेल तर ‘हॅपनिंग’. मुलाबरोबर तर नक्कीच. वसतिगृह, परीक्षा, पार्टी, सगळं त्यांच्या ओळखीचं. शंभर मिनिटांत संपतो. फक्त सुईच्या प्रसंगाची आधी कल्पना द्या, आणि मध्येच कुणी उठून गेलं तर अडवू नका.

सिनेमा म्हणून चौघांत श्रेष्ठ कुठला असं विचाराल तर मी क्षणभरही न थांबता रोमानियन सिनेमाचं नाव घेईन. तो एकट्याने बघण्याचा आहे, किंवा अशा एका मैत्रिणीबरोबर, जिने तुमच्यासाठी कधीतरी अशी धावाधाव केलीये. ‘कॉल जेन’ ज्यांना रक्त अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी, किंवा विषयाशी नुसती ओळख हवी असेल तर.

ओटीटीवर कुठला कुठे आहे हे महिन्यागणिक बदलतं, त्यात शिरत नाही. डब केलेली आवृत्ती मिळाली तर मात्र घेऊ नका, इंग्रजी सबटायटल्सवरच बघा. बेबेचा तो सपाट, समजुतीचा सूर मूळ आवाजात ऐकायलाच हवा. दुसऱ्या कुणाच्या आवाजात तो नुसता खलनायक होतो.